बॉयलरवरचा शेंदूर

पुंजाजी लहान्याला पोहता येत नव्हतं. तेवीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस आणि गावच्या डोहात कमरेच्या वर उतरत नाही, ह्याचं जानेफळच्या लोकांना भारी हसू यायचं. पारावरचे दुसरे विषय संपले की हा काढायचे. पुंजाजी आधी समजावून सांगायचा. जहाजावर दोन तऱ्हेचे लोक असतात, एक वर उघड्यावर राबणारे आणि दुसरे खाली, जहाजाच्या पोटात, भट्टीपाशी. तो खालचा, आगवाला. कोळसा टाकायचा, राख ओढायची, बॉयलरमधलं पाणी किती ते काचेच्या नळीत बघायचं, वाफेचा काटा बघायचा. समुद्र दिसायचा तो राख टाकायला वर आला की तेवढाच. तरी कुणीतरी विचारायचंच, "मंग तू लंडनले गेला कसा बे?"

"तू पोटात होता तवा तुह्या मायनं तुले गाव दाखवलं होतं काय?" असं म्हणून तो उठून जायचा.

रागीट होताच तो. पण राग यावा असं त्याच्या वाट्याला इतकं आलं, की तो रागीट नसता तर मलाच त्याचा राग आला असता.

सोळाव्या वर्षी घरातून पळाला. मुंबईच्या गोदीत कोळशाच्या पाट्या वाहिल्या, मग जहाजावर चढला. आधी कोळसा वाहणारा, मग आगवाला, शेवटी आगवाल्यांचा टिंडल, म्हणजे त्यांचा मुकादम. लढाईत एक जहाज पायाखालून बुडालं, तेव्हा पोहता येत नसताना सतरा तास फळीला धरून राहिला. खलाशाच्या नोकरीचं पुस्तक असतं, त्याला ते लोक नली म्हणतात. पुंजाजीच्या नलीत एकोणीस जहाजांचे शिक्के होते आणि एकाही शिक्क्यापुढं वाईट शेरा नव्हता. आणखी एक गोष्ट, जी गावात कुणालाच पटायची नाही: दारूला त्याने कधी हात लावला नाही. भट्टीपाशी झिंगलेला माणूस स्वतः मरतो आणि जाताना दहा जणांना घेऊन जातो, हे त्याने एडनच्या बंदरात डोळ्यांनी पाहिलं होतं.

ज्या वर्षी महाराष्ट्र झाला त्याच वर्षी कंपनीनं त्याचं कोळशाचं जहाज भंगारात काढलं. नवी जहाजं तेलावर चालणारी, त्यांना आगवाले नकोत. जन्मभर आगीपुढं उभे राहिलेले लोक एका सहीनं किनाऱ्यावर आले. कुणी मुंबईत गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाला, कुणी इराण्याच्या हॉटेलात चहाच्या चुलीपाशी उभा राहिला. रत्नागिरीकडचा एक जुना टिंडल सिनेमाच्या खिडकीपुढच्या रांगा सरळ करायच्या कामाला लागला. त्यांना निदान समुद्राचा वारा तरी होता. पुंजाजीच्या जिल्ह्यात ना बंदर, ना गोदी. बुलढाण्याला तर रेल्वेचा रूळसुद्धा नाही.

तरी तो नली घेऊन बुलढाण्याला एका कचेरीत नोकरी मागायला गेला. कारकुनानं नली उलटीसुलटी करून पाहिली. फॉर्मात 'पूर्वीचा धंदा' असा रकाना होता.

"बॉयलरवर टिंडल," पुंजाजी म्हणाला.

"असा धंदा यादीत नाही. जहाजावर होते ना? मग नावाडी लिहितो."

"साहेब, म्या जल्मात वल्हं धरलं नाही. मले पोहता बी येत नाही."

"जहाज म्हणजे मोठी नावच की नाही?" कारकून म्हणाला आणि त्यानं लिहूनही टाकलं.

कागदी घोड्यांची चाल बघा. आषाढात हुकूम आला आणि पोहता न येणारा पुंजाजी पैनगंगेच्या डोंग्यावर सरकारी नावाडी झाला. दुसरा कुणी असता तर त्यानं दहा माणसं बुडवली असती. पुंजाजीनं पहिल्याच दिवशी ह्या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या बाभळीपर्यंत जाड दोर ताणला, डोंग्याला कडी लावली आणि दोर ओढत डोंगा नेऊ-आणू लागला. दोन महिन्यांत एकाही बाईचा पदर भिजला नाही. पाऊस सरला, नोकरीही सरली. त्याच्या कामाचा दाखला मागितला तर साहेब म्हणाला, दोर लावायची परवानगी कुणी दिली होती?

मग एका फिरत्या तंबू सिनेमावर इंजिन चालवायला राहिला. जत्रेत तंबू उभारायचा, दोर आवळायचे, संध्याकाळी इंजिन लावायचं. काम त्याला आवडलं होतं. पण मालकानं कुठून तरी पांढरी टोपी आणि पितळी बटणांचा कोट आणला आणि म्हणाला, हे घालून दारात उभा राहा, 'आले हो जहाजाचे कप्तान' असं आपण भोंग्यावर ओरडू, गर्दी जमेल. पुंजाजीनं कोट मालकाच्या खुर्चीवर ठेवला आणि निघून आला. आगवाल्याला कप्तान म्हणणं म्हणजे त्याच्या तेवीस वर्षांची थट्टा, हे त्या बापड्याला कळलंसुद्धा नाही.

शाळेनं पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं, नारळ दिला आणि जाता जाता शाळेच्या विहिरीवरचं इंजिन फुकटात दुरुस्त करून घेतलं. बागायतदारांच्या विहिरींवर तेव्हा तेलाची इंजिनं नवीनच आली होती. बंद पडली की ते पुंजाजीसाठी घोडं पाठवायचे आणि चालू झाली की त्याला पायी पाठवायचे. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

शेवटी त्याची बायको कोकिळा म्हणाली, "अवो, मोताळ्याच्या अलीकडं शेषरावजी मालकाचं जिन हाये. माहा भाऊ सांगत होता, तथी बॉयलरवर मानूस पाह्यजे. तुमचं तेच काम नाही काय?"

तेच काम होतं. सरकी काढून रुई वेगळी करण्याचा तो कारखाना वाफेवर चालायचा. एका बाजूला चोवीस रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, प्रत्येक रेच्यावर कापूस घालायला बाई, भिंतीपलीकडे बॉयलर. जुनाच, पण जातीचा. त्याच्या पत्र्यावर हात ठेवला तेव्हा पुंजाजीला तीन वर्षांनी पहिल्यांदा आपण माणसात आल्यासारखं वाटलं. दोघं नवरा-बायको तिथंच खोली घेऊन राहिली. कोकिळाही सातव्या रेच्यावर बसू लागली, बॉयलरच्या भिंतीला लागून.

आता ह्या जिनातली गंमत ऐका. बॉयलर चालवायला सरकारी परवाना लागतो. तो परवाना पेढीच्या भिंतीवर काचेत लावलेला होता. पण ज्याच्या नावाचा, तो माणूस अकोल्याला राहायचा. हंगामात दोनदा यायचा, चहा प्यायचा, सही करायचा, जायचा. मुकादम होता इंद्रभान. तो मालकाचा विश्वासू, त्याला बॉयलरचं एवढंच कळायचं की तो गरम असतो. सगळं काम पुंजाजीचं, आणि कागदावर तो कोळसा टाकणारा गडी.

पुंजाजीनं चौकशी केली. परवान्याची परीक्षा नागपूरला होते, पण बसायचं तर कारखान्याच्या मालकाची चिठ्ठी लागते, की ह्या इसमानं माझ्याकडे दोन हंगाम बॉयलरवर काम केलं आहे. नली चालत नाही. जहाज म्हणजे कारखाना नव्हे! बुलढाण्याला जहाज म्हणजे नाव आणि नागपूरला जहाज म्हणजे काहीच नव्हे. पुंजाजी शेचाळीस वर्षांचा होता. परवाना हातात आला तर कुठल्याही जिनात, कुठल्याही गिरणीत त्याला बॉयलरवाला म्हणून मान मिळाला असता. नावाडी, गडी, कप्तान, सगळी सोंगं एकदाची उतरली असती. ती चिठ्ठी एवढीच त्याची आता आशा होती, आणि शेषरावजींनी ती कबूलही केली होती. "दोन हंगाम काढ. तिसऱ्या दसऱ्याले चिठ्ठी तुह्या हातात."

आणि त्या बॉयलरवर देव होता.

शेषरावजींच्या वडिलांच्या वेळी एक आगवाला वाफेनं भाजून मेला होता. तेव्हा कुणा बुवानं सांगितलं, बॉयलरला देव माना, खंडेनवमीला त्याच्या माथ्याला शेंदूर लावत जा. बॉयलरच्या माथ्यावर काय असतं? सेफ्टी. वाफ हद्दीबाहेर गेली की आपोआप उघडून जादा वाफ बाहेर सोडणारी झडप, तिच्यावर लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोल वजन. ते वजन दिसायला मारुतीच्या गदेसारखं, म्हणून लोकांना जागाही पटली. बावीस वर्षं दर खंडेनवमीला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक हात त्या दांड्यावर, बिजागरीवर, झडपेवर बसत गेला. आत लोखंड आहे हे दिसेनासं झालं. पुढं कुणीतरी चांदीचे डोळे बसवले. बाया कामावर जाताना भिंतीवरून हात जोडायच्या.

पुंजाजीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मुकादम, सेप्टी उघडते का?"

"देव हाये तो. पाह्यते तो सारं. तू आपली भट्टी पाह्य," इंद्रभान म्हणाला. वर चढायची गड्याला मनाई होती.

आणि पुंजाजी गप्प बसला. जहाजावर असता तर त्यानं सेफ्टी उचलून पाहिल्याशिवाय काडी ओढली नसती. पण चिठ्ठी हवी होती ना! ह्या गप्प बसण्याचा त्याला पुढं जन्मभर राग येत राहिला, आणि तो राग खरा होता म्हणूनच मी सांगतो आहे. दोन हंगाम तो काट्यावरून नजर न काढता भट्टी सांभाळत राहिला, एवढंच त्याच्या हातात होतं.

दुसऱ्या हंगामात, माघात, भर दुपारी रेच्यांचा मोठा पट्टा तुटला. सगळे रेचे एकदम थांबले, इंजिनला वाफ लागेना आणि भट्टी तर काठोकाठ पेटलेली. काटा चढू लागला. लाल खुणेवर आला, खुणेच्या पुढं गेला. वरचा देव चांदीच्या डोळ्यांनी बघत होता, झडप काही हलत नव्हती. पुंजाजीनं धुराड्याची झडप लावली, काचेत पाणी असल्याची खात्री करून पंप चालू ठेवला आणि लोखंडी आकड्यानं सगळी आग भट्टीतून बाहेर, जमिनीवर ओढली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काटा हळूहळू उतरला. भिंतीपलीकडे बाया भाकरी सोडून बसल्या होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. इंद्रभान धावत आला आणि पहिली गोष्ट म्हणाला, "एवढा कोळसा काऊन नासवला बे?"

हाताला पट्टी बांधून पुंजाजी पेढीवर गेला. मालकांना सगळं सांगितलं. शेषरावजी वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर, सगळं सांगूनही जो "पाहू" म्हणतो त्याला काय म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. ते म्हणाले, "देवाचं काम हाये. दसऱ्याले पाहू."

हंगाम संपला, पावसाळा गेला, बॉयलर थंड पडून होता. अष्टमीच्या दिवशी पुंजाजीनं पाहिलं तर इंद्रभान वाटीत शेंदूर कालवून झाकून ठेवत होता. म्हणजे उद्या तेविसावा हात. इंद्रभान सामान आणायला मोताळ्याला गेला आणि पुंजाजीनं ठरवलं.

त्यानं काही चोरासारखं केलं नाही. अंघोळ केली, नवं फडकं घेतलं, नारळ घेतला. देवाची खोळ उतरवायची असते हे गावात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शेंदराचे थर फार झाले की खोळ निघते आणि ती नदीत सोडतात, हे त्यानं जानेफळच्या मारुतीचं लहानपणी पाहिलं होतं. वर चढून त्यानं हात जोडले. चांदीचे डोळे काढून पळसाच्या पानावर ठेवले. मग खरवडायला बसला. बोटभर जाडीचा थर होता, विटेसारखा. सगळा निघायला सकाळची दुपार झाली. बिजागरीत तेल सोडलं, झडप घासली, तिची बैठक घासली. दांड्याला हात घातला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ती सेफ्टी उचलली गेली. खोळ फडक्यात बांधून तो नळगंगेवर गेला, नारळ फोडला आणि खोळ पाण्यात सोडली. घरी येऊन जेवला. त्याला वाटलं, उद्या मालकांना दांडा उचलून दाखवू, त्यांनाही बरं वाटेल. एवढा शहाणा माणूस, पण इथं मात्र भाबडाच.

नवमीला मालक आले, भटजी आले, मोताळ्याचे चार प्रतिष्ठित आले, पेढ्यांची टोपली आली. कामावरच्या बाया न्हाऊनधुऊन अंगणात बसल्या होत्या. इंद्रभान शेंदराची वाटी घेऊन वर चढला आणि तिथूनच ओरडला, "मालक! देव नाही!"

मग जो गलका झाला तो विचारू नका. पुंजाजी पुढं झाला.

"देव गेला नाही, मालक. खोळ काढली म्या. नयगंगेत सोडली, नारय फोडून. डोये पानावर ठिवले हायेत, पाहा."

"खोळ आपूआप गळते!" इंद्रभान वरून म्हणाला. "खरवडून काढत नाही कोनी! साता समुद्रापल्याड काय काय खाऊन आलेला मानूस, त्याले काय इटाळ!"

"गळायची वाट पाह्यली असती तं मांगच्या माघातच गळली असती. शेंदूर बी, भित्त बी अन् ह्या बाया बी."

अंगणातून सोजराबाई उठली. पहिल्या रेच्यावरची, सगळ्यांत जुनी बाई, मालकांपुढं बोलायची तिचीच काय ती छाती. ती म्हणाली, "पुंजाजीभाऊ, नीट सांग. ते उघडलं नाही तं काय होते?"

"बॉयलर फुटते, मावशी. पह्यले हे भित्त जाते. मंग भित्तीजवळची सातवी, आठवी, नववी. मंग बाकीच्या."

बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. हंगाम चार दिवसांवर आलेला. पाहुण्यांदेखत बाया उठून गेल्या असत्या तर शोभा झाली असती. शेषरावजींनी पुंजाजीला पेढीत नेलं, इंद्रभान मागून आला, दार उघडंच राहिलं. बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कुणी हटकलं नाही.

मालकांपुढं चिठ्ठी तयार होती. पुंजाजीनं ती वाचली. सदर इसमानं आमच्या कारखान्यात दोन हंगाम बॉयलरवर काम केलं आहे, वगैरे. फक्त सही राहिली होती.

"हे घे," मालक म्हणाले. "आत्ता सही करतो. तू तुह्या हातानं देवाले शेंदूर लाव, डोये बसव, पाया पड. झालं गेलं नयगंगेले मियालं."

"अन् सेप्टी?"

"आजवर काय झालं? वडिलाच्या वक्तापासून चालून राह्यलं."

"शेंदूर नाही लावत म्या, मालक. लावूबी देत नाही."

शेषरावजी विचारात पडले. बाहेर बाया, तिकडं पाहुणे. मग इंद्रभान त्यांच्या कानाशी लागला आणि दुसरा कागद लिहून निघाला. तो त्यांनी पुंजाजीपुढं सरकवला. त्यात असं होतं की मी पुंजाजी लहाने, अष्टमीच्या दिवशी दारूच्या नशेत बॉयलरवर चढलो आणि शुद्ध नसताना देवाचा शेंदूर काढला, त्याची माफी मागतो.

दारूड्याच्या हातून घडलं की देव रागवत नाही, असं लोक मानतात. पाहुण्यांना हा कागद वाचून दाखवला की विषय मिटत होता. देवाला भिंतीत कोनाडा करायचा, शेंदूर तिथं लावायचा, डोळेही तिथंच. सेफ्टी मोकळी राहील. मालकांनी तसा शब्द दिला, दारातल्या बायांसमोर दिला.

"अन् चिठ्ठी?" पुंजाजीनं विचारलं.

"दारूड्याले बॉयलरवर ठेवा अशी चिठ्ठी मी सरकारले कशी देऊ?" शेषरावजी म्हणाले. "दोन्ही नाही भेटत. चिठ्ठी पाह्यजे तं शेंदूर लाव. सेप्टी मोकळी पाह्यजे तं ह्या कागदावर सही कर अन् उद्यापासून येऊ नोको."

ज्यानं एवढे जीव वाचवायचे, त्यानंच दारूडा म्हणून लिहून द्यायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ह्याहून काय वेगळी असते? पुंजाजीनं दाराकडं पाहिलं. कोकिळा सोजराबाईच्या मागं उभी होती आणि मान हलवून नाही, नाही म्हणत होती. तिला चिठ्ठी गेल्याचं दुःख नव्हतं. तिला तो दुसरा कागद नको होता. पुंजाजीनं टाक घेतला आणि नलीवर करायचा तशी पूर्ण नावाची सही केली. शेषरावजींनी चिठ्ठी फाडली. बाहेर पाहुण्यांना पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी भाकर वाढताना कोकिळा बोलली. "तेवीस वर्स लोक मले म्हणत राह्यले, तुहा नवरा पेत असंल. म्या साऱ्याईशी भांडली. आता मालकाच्या पेटीत तुमच्या सहीचा कागद हाये. आता म्या कोनाशी भांडू?"

"तुहा सातवा रेचा हाये, कोकिळे," तो म्हणाला. एवढंच.

कागदाची बातमी आठ दिवसांत तालुकाभर झाली. विहिरीवरच्या इंजिनासाठी घोडं पाठवणारे आता दुसऱ्याला पाठवू लागले. मोताळ्याच्या आठवडी बाजारात पाल ठोकायचं, दोर आवळायचं काम तेवढं मिळालं. लोक पाल ठोकून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "आज शुद्धीत दिसून राह्यला गड्या!" जिनात त्याच्या जागेवर इंद्रभानच उभा राहिला.

पौषातल्या बाजाराच्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, जिनाच्या बाजूनं आवाज उठला. फाटल्यासारखा, लांबच लांब. बाजार जागीच थबकला. कुणी म्हणालं, बॉयलर फुटला. पुंजाजी बांबूवर होता. तो खाली उतरला. फुटल्याचा आवाज असा नसतो. हा वाफ सुटल्याचा आवाज होता आणि थांबत नव्हता. तो पळत सुटला.

जिनाचं फाटक बंद होतं. पहारेकरी म्हणाला, तुला आत मनाई आहे, मुकादमाचा हुकूम आहे. गजांतून पुंजाजीनं पाहिलं. बाया अंगणात आल्या होत्या, डोक्यांवर रुई. त्यानं मोजल्या, दोनदा मोजल्या. कोकिळा होती. बॉयलरच्या माथ्यावरून पांढरा झोत आभाळात जात होता. आणि दारात इंद्रभान उभा होता, हातपाय गाळून.

"पट्टा तुटला का?" पुंजाजी ओरडला.

"हाव! काय करू?" आता हा विचारत होता.

"घाबरू नोको, सेप्टी उघडली हाये! काचंत पानी दिसून राह्यलं का? आंधी ते पाह्य! नसंल दिसत तं पानी सोडू नोको!"

इंद्रभान आत गेला, बाहेर आला. "दिसते!"

"मंग पंप चालू ठिव! धुराड्याची झडप लाव! आग वढून काढ, सारी! भिऊ नोको, वढ!"

असं फाटकाबाहेर उभं राहून, गजांना धरून, त्यानं तो बॉयलर उतरवला. अर्ध्या तासानं झडप आपोआप बसली. आवाज थांबला. ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली होती, त्यानं पहारेकऱ्याकडं पाणी मागितलं.

कोकिळा तांब्या घेऊन आली. "फाटक उघडा, मुकादम. पानी पिऊ द्या त्याईले."

इंद्रभाननं पेढीच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकीत शेषरावजी उभे होते. फाटक कुणी उघडलं नाही. तांब्या गजांतून जाईना. शेवटी पुंजाजीनं गजांतून दोन्ही हात आत घातले आणि ओंजळ धरली. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा पांढरा डाग होता. कोकिळा वरून पाणी ओतू लागली. तो बाहेरून गजांना तोंड लावून पिऊ लागला. सगळ्या बाया बघत होत्या, आणि ती पेढीच्या खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"प्या हो, दारूडे! पोटभर प्या!"